सोजराबाईचं धुराडं

पासलीत सोजराबाईच्या खोकल्यावर चार घरं उठायची. पावसाळ्यात कोंबड्याचा काही भरवसा नसायचा, तो वळचणीला अंग चोरून बसलेला असायचा. पण बाई उठून चुलीपुढं बसली आणि फुंकणी तोंडाला लावली, की पहिली ढास यायची. मग शेजारची म्हातारी ठकुबाई अंथरुणातूनच म्हणायची, "उजाडलं गं." बाईचा मुलगा बिरू आईच्या तिसऱ्या ढासेला उठून शेळ्या सोडायला जायचा. या खोकल्याला कुणी आजार म्हणत नव्हतं. बाईची आई खोकायची, सासू खोकायची. चुलीपुढं बसायचं म्हणजे खोकायचंच, एवढा साधा तो हिशेब होता.

बाई अंगानं ठेंगणी, जिभेनं फटकळ. नवरा अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात तापानं गेला, तेव्हा बिरू चौदा वर्षांचा होता. भावकीनं पहिलं वर्ष औताला माणूस दिला. दुसऱ्या वर्षी बाईनं पदर खोचला आणि औत स्वतःच धरलं. लोक हसले. भात चांगलं आलं तेव्हा हसायचे थांबले. तेव्हापासून बाईची एक खोडच होऊन बसली, की एखादं काम बायकांचं नाही असं कुणी म्हटलं, की तिला ते करून बघायची खुमखुमी यायची.

घर मात्र चारचौघांसारखंच होतं. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर नळीची कौलं, एका अंगाला म्हशी आणि शेळ्या, दुसऱ्या अंगाला माणसं. वेल्ह्याकडचा पाऊस चार महिने दार उघडू देत नाही. ओली लाकडं आणि शेणी धुमसायच्या, आणि धूर कमरेपर्यंत खाली उतरायचा. त्यामुळं घरात उभं राहून बोलायची पद्धतच नव्हती. पाहुणा आला की आधी खाली बसायचा आणि मग रामराम घालायचा. बाहेरून बघावं तर कौलांच्या फटीफटीतून धूर झिरपत असायचा. त्यावरून लांबूनच कळायचं, की घरात चूल पेटलीय आणि माणसं धडधाकट आहेत.

बिरूची बायको बना शिवऱ्याची होती. शिवरे म्हणजे पुणे-सातारा रस्त्यावरचं गाव, ऐसपैस अंगण, उघड्यावरच्या चुली. पोरगी गुणाची होती. धुरानं डोळ्यांना धार लागायची, पण तक्रारीचा एक शब्द कधी तिच्या तोंडून आला नाही. मग फुलाबाई झाली. तिला सगळे फुली म्हणत. पंचावन्न साली ती वर्षाची झाली आणि आषाढात तिला खोकला लागला. आजीचा खोकला घड्याळासारखा उपयोगी होता, नातीचा खोकला ऐकवत नव्हता. ठसका लागला की पोर निळी पडायची.

त्या वर्षी नागपंचमीला बनाला माहेरी न्यायला तिचे वडील कोंडिबा स्वतः मुराळी म्हणून आले. त्यांनी नातीला उचललं, तिच्या छातीला कान लावला आणि शांतपणे म्हणाले, "इहीणबाई, पोरीची छाती सुधरू द्या. मग बघू."

'मग बघू'चा अर्थ सोजराबाईला कुणी समजावून सांगायला नको होता. पंचमी गेली, पोळा गेला, दसरा गेला. सूनही येईना आणि नातही येईना. बिरू अर्ध्या भाकरीवर उठायचा. बाईला घर खायला उठायचं. ती पाळण्याची दोरी उगाच ओढायची आणि मग स्वतःवरच चिडून शेणकूर काढायला जायची.

त्याच दिवाळीच्या सुमाराला विकास योजनेच्या ग्रामसेविका सगुणाबाई वेल्ह्याला आल्या. वरव्याच्या राहणाऱ्या, तरुण, पायात चप्पल आणि काखेत वही. त्यांनी बायकांना जमवून मातीची दोन तोंडांची चूल घालून दाखवली. मागच्या बाजूनं खापरी नळ्यांचं धुराडं निघायचं आणि थेट कौलांवर जायचं. धूर सगळा आभाळात.

ठकुबाईनं लगेच नाक मुरडलं. "धूर भाईर गेला तर वाशांना भुंगा लागंल. धुरानंच घर टिकतं बया."

"वासं टिकलं आन् नात न्हाई टिकली, तर त्या वाशांना काय ववाळायचं?" सोजराबाई म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी कुंभाराकडून नळ्या डोक्यावर घेऊन चढ चढून आली. चूल तिनं स्वतः घातली, तीन वेळा मोडून. चौथ्यांदा धुरानं वाट धरली. बिरू घरात पहिल्यांदाच ताठ उभा राहिला आणि आडव्या वाशावर त्याचं डोकं आपटलं. निरोप गेला. बना आणि फुली परत आल्या. उन्हाळाभर फुली घरात हसत धावली, खेळली, बोलायला लागली. बाईची पहाटेची जुनी ढास तेवढी चालूच राहिली. गावातल्या आणखी सहा घरांनी, कुरकुरत का होईना ठकुबाईनंसुद्धा, तशा चुली घातल्या. सोजराबाईला हवेवर चालल्यासारखं वाटायचं, आणि ते ती लपवतही नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात मात्र धूर परत आला. आधी थोडा, मग सगळा. आषाढ संपता संपता घर पूर्वीपेक्षा काळं झालं आणि फुलीला तोच जुना ठसका लागला. बाईनं आधी लाकडांना दोष दिला, मग लाकडं आणणाऱ्या बिरूला, मग कुंभाराला, आणि सरतेशेवटी वेल्ह्यात बसलेल्या सगुणाबाईंना. दोन घरांनी, त्यात ठकुबाई पहिली, धुराड्याची भोकं शेणामातीनं बुजवूनही टाकली. पंचमी चार दिवसांवर आली. बनानं फुलीची झबली, टोपरी, दुपटी, झाडून सगळं गाठोड्यात बांधलं. पंचमीपुरतं जाणारी बाई लेकराची थंडीतली कुंची बरोबर नेत नाही. सोजराबाईनं ती कुंची पाहिली.

मग तिला राग आला. दुःख झालं की तिला रागच यायचा. भर पावसात तिनं शिडी लावली. ते धुराडं मुळासकट उपटून ओढ्यात फेकायचं, असं ठरवूनच ती चढली.

धुराड्याच्या तोंडावर इरलं बांधलेलं होतं. ते तिनंच बांधलं होतं, ज्येष्ठात. पासलीत पावसात उघडं काही ठेवतच नाहीत. पेंढीवर इरलं, सरपणावर इरलं, शेतात वाकलेल्या माणसाच्या पाठीवर इरलं. धुराड्यातून चुलीत पाणी गळेल म्हणून बाईनं चांगलं दुहेरी पानांचं इरलं त्याच्या तोंडावर करकचून आवळलं होतं. तिचं बघून बाकीच्या सहा जणींनीही आवळलं होतं. इरल्यानं कधी कुणाचं वाईट केलेलं नव्हतं, त्यामुळं इतक्या दिवसांत त्याच्याकडं कुणी संशयानं बघितलंच नाही.

बाईनं गाठ सोडली. इरल्याच्या आतल्या बाजूला बोटभर जाडीचं काळं, चिकट किटण बसलेलं होतं. नळीत पाहिलं तर दोन मुठी जाव्यात तिथं अंगठासुद्धा जाईना. बाई कौलावर तशीच बसली. अंगावर पाऊस पडत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. या खेपेला ते धुराचं नव्हतं.

"बने," ती वरूनच म्हणाली, "म्याच कोंडलं गं पोरीला."

खालून बना म्हणाली, "आत्याबाई, आदी खाली या. पडशीला."

"पडत न्हाई. चूल इझीव. आन् वेळूची काठी दे."

काठीनं वरचं किटण निघालं, पण ते खालच्या बाकात जाऊन घट्ट बसलं. जोर करावा तर नळी फुटायची भीती. बाई खाली उतरली, घरभर नजर फिरवली, आणि तिला खुंटीवरची दोरी दिसली. धनगराकडून भातावर घेतलेली, शेळीच्या केसांची, हाताची साल काढणारी दोरी. तिला तिनं वीतवीतभर अंतरावर गाठी मारल्या. टोकाला वजन हवं होतं. ते तिनं म्होरक्या शेळीच्या गळ्यातून सोडवलं. पितळेची घाट, म्हणजे घंटाच होती, चांगली मुठीएवढी.

घाट वरून आत सोडली. टण, टण, टण, आणि मग एकदम मुकी झाली.

"हितं बसलंय घोडं," बाई म्हणाली. ती दोरी वर ओढायची, खाली सोडायची, पुन्हा ओढायची. केसाळ दोरी नळीच्या कडा खरवडत होती. खाली बना चुलीच्या तोंडाशी कान लावून बसली होती आणि फुली तिच्या पाठीशी. दुपार कलली तेव्हा आत काहीतरी धस्सकन सुटलं. घाट खणखणत थेट चुलीत येऊन पडली. तिच्यामागून आलेल्या टोपलीभर काजळीनं बनाचं तोंड असं माखलं, की फुलीनं आईला ओळखलंच नाही आणि भोकाड पसरलं. बना हसायला लागली. गेल्या महिनाभरात ती पहिल्यांदाच हसली होती, आणि ते हसू कौलावर ऐकून सोजराबाईच्या हातातली दोरीच सुटली.

इरलं बाईनं टाकून दिलं नाही. घासून पुसून ते तिनं कारवीच्या तीन काठ्यांवर हातभर उंच उभं केलं. पाऊस इरल्यावर, धूर इरल्याखालून बाहेर. मग दोन दिवस तिनं घराला फुरसत दिली नाही. वाशांवरची काजळीची जळमटं शिंदीच्या झाडणीनं उतरवली, चुलीमागच्या कुडाला चुना फासला, गोधड्या रिठ्याच्या कढत पाण्यात धुऊन चुलीच्या उबेला वाळवल्या, जमीन सारवली. शेळ्या आणि माणसं यांच्यामध्ये नवा तट्ट्याही लावला. बिरूला वाटलं आता त्यालाही रिठ्यात घालणार, म्हणून तो शेताकडं सटकला.

पंचमीच्या आदल्या दिवशी कोंडिबा निघाले. एस्टीतून उतरून पुढं चिखल तुडवत, डोक्यावर घोंगडी घेऊन. ओढा ओलांडून ते वर आले आणि त्यांनी सवयीनं लेकीच्या घराकडं पाहिलं. जेवणाची वेळ. आसपासच्या सगळ्या कौलांतून धूर निघत होता. फक्त लेकीच्या घराच्या कौलांतून धुराची एक रेघ निघत नव्हती, आणि मागच्या अंगाचं धुराडं धुक्यात दिसत नव्हतं.

आपल्याकडं भरल्या घरात चूल पेटत नाही, ती एकाच दिवशी. गेल्या आठवड्यातला निरोप कोंडिबांना आठवला, पोर पुन्हा खोकतेय म्हणून. मग ते पळत सुटले. पन्नाशीचा माणूस, एक चप्पल चिखलात राहिली, घोंगडी कुंपणाला अडकली. दार ढकलून ते आत आले आणि उंबऱ्यातच धपकन बसले.

"कोण गेलं?" त्यांनी धापा टाकत विचारलं. "इहीणबाई, माझी फुली..."

चुलीपुढं सोजराबाई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी टम्म फुगलेली होती. फुली चुलीपासून हातभर अंतरावर बसून गुळाचा खडा चोखत होती. आजोबांना बघून ती हसली आणि तोंडातला गूळ काढून त्यांच्यापुढं धरला.

"कुणी गेलं न्हाई, ईवाई," बाई म्हणाली. "धूर तेवढा गेला. पाय धुवा, भाकरी तयार हाय."

कोंडिबांनी नात कुशीत घेतली आणि तिच्या छातीला कान लावला, गेल्या वर्षीसारखाच. बना पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी होती, आणि सोजराबाईच्या हातातली पुढची भाकरी थापता थापता फाटली. अखेर त्यांनी मान वर केली. डोळे ओले होते आणि या घरात त्याला धुराचं निमित्त उरलं नव्हतं.

"पंचमी झाली की चौथ्या दिशी म्या सोता आनून सोडतो," ते म्हणाले. "लेकराचं आजीपाशीच बरं चाललंय."

बनानं कोपऱ्यातलं गाठोडं सोडलं. त्यातली कुंची काढली आणि परत खुंटीला अडकवली. सोजराबाई तिकडं बघतच नव्हती, असं ती पुढं आयुष्यभर सांगायची. पण तव्यावरची ती एक भाकरी करपली, आणि बाईच्या हातून दुसरी भाकरी करपल्याचं पासलीत कुणाला आठवत नाही.

पंचमी झाली. चौथ्या दिवशी कोंडिबांनी शब्द पाळला आणि त्या रात्री सोजराबाई नातीच्या अंगावर हात टाकून झोपली.

दुसऱ्या दिवशी बिरूला जाग आली तेव्हा चांगलं फटफटलं होतं आणि शेळ्या ओरडत होत्या. तो डोळे चोळत बाहेर येतो, तर दारात ठकुबाई. तिच्या मागं आणखी दोघी जणी. तिघींचे चेहरे उतरलेले.

"बिरू, तुजी आई कुठं हाय रं?" ठकुबाई दबक्या आवाजात म्हणाली. "उजाडून गेलं, खोकला न्हाई ऐकू आला. आमचं काळीज लागलं धडधडायला."

सोजराबाई आतून हातात फुंकणी घेऊन आली. पहाटेच उठली होती, दोन्ही म्हशींची धार काढून झाली होती, चुलीवर पाणी उकळत होतं. तिनं छातीवर हात ठेवला आणि एक लांब श्वास घेतला. तो सरळ आत गेला, कुठंही अडला नाही. आणखी एक घेऊन बघितला. आपणही खोकतो हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. जे काही केलं ते सगळं नातीसाठी केलं होतं.

"व्हय की," ती हळूच म्हणाली. "ऱ्हायलाच की गं."

तेवढ्यात ठकुबाईला स्वतःलाच ढास लागली. ती दाराला धरून खोकली, पदरानं तोंड पुसलं आणि नाक न मुरडता म्हणाली, "सोजरे, ती घाट घिऊन ये बया माझ्याकडं. वाशांचं बघू मागनं."

बाईनं खुंटीवरची दोरी काढून खांद्यावर टाकली, शिडी उचलली आणि ठकुबाईच्या घराकडं चालू लागली. त्या पावसाळ्यात सहाही घरांची इरली काठ्यांवर चढली. पुढं साठ सालापर्यंत पासलीत आणि आसपासच्या वाड्यांवर मिळून चाळीसेक धुराडी झाली, आणि वर्षातून दोनदा प्रत्येकात सोजराबाईची घाट वाजली. तिची म्होरकी शेळी मात्र त्यानंतर कायम बिनघाटेचीच हिंडली.