साडेनऊला सांगून गेलेल्या आजी

भूत, भानामती, अंगात येणं... या सगळ्याला मी आजवर हसतच आले. वाघोलीच्या एका कॉलेजात परीक्षा विभागात क्लार्क आहे मी. अर्जावर सही नसेल तर प्राचार्यांच्या पुतण्यालाही परत पाठवणारी. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. हे लिहायला मला दीड वर्ष लागलं, ते मात्र भीतीमुळे नाही – लाजेमुळे.

तीन वर्षांपूर्वी मला थायरॉईडचा कॅन्सर झाला. ऑपरेशन करून ग्रंथी काढली, मग रेडिओआयोडीनचा डोस. सगळे म्हणाले, सुटलीस. पण सुटका अशी होत नसते... दर काही महिन्यांनी रक्त, मानेची सोनोग्राफी, आणि मग पूर्ण शरीराचा स्कॅन. या स्कॅनआधी महिनाभर थायरॉईडची गोळी बंद ठेवायची आणि शेवटचे दोन आठवडे पोटात आयोडीन जाऊ द्यायचं नाही. म्हणजे नेहमीचं मीठ बंद, दूध-दही बंद, बेकरी बंद, बाहेरच्या खाण्याचं तर नावच नको. शरीर आयोडीनला भुकेलं असेल तरच उरलासुरला कॅन्सर स्कॅनमध्ये दिसतो. नाहीतर तो असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो.

आम्ही खडकीत फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहतो, दुसऱ्या मजल्यावर. माझे मिस्टर तिथेच नोकरीला आहेत. सासूबाई – त्यांना मी आईच म्हणते – मूळच्या वर्ध्याकडच्या. पुण्यात तीस वर्षं काढली तरी त्यांची बोली तसूभर बदललेली नाही; 'माझ्या'ला त्या अजून 'माया'च म्हणतात. त्यांनी कुठून कुठून आयोडीन नसलेलं मीठ शोधून आणलं. माझं पातेलं वेगळं, चमचा वेगळा. ते दोन आठवडे पहिली माझी भाजी व्हायची, मग घरच्यांची.

आणि मी काय केलं? रोज चार वाजता कॉलेजच्या कँटीनमध्ये दुधाचा चहा आणि खारी; उरलेली खारी पर्समध्ये टाकून घरी येताना खायची. गोळी बंद असल्यामुळे अंग सुजलेलं, उन्हातही थंडी वाजायची, साधी बेरीज जमायची नाही. एवढ्याशाने काय होतंय, असं स्वतःला सांगत मी रोज खाल्लं.

सदाशिव पेठेतल्या सेंटरमध्ये स्कॅनच्या आधी लघवीची तपासणी झाली. आयोडीन भरपूर निघालं. डॉक्टरांनी आम्हा तिघांना आत बोलावलं आणि स्कॅन पुढे ढकलावा लागेल म्हणून सांगितलं. पथ्य नीट पाळलं होतं का, असं विचारलं. मिस्टर माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "स्वयंपाक आई करतात. मिठाचं काहीतरी झालं असेल."

आईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "मायाच हातानं झालं असन."

डॉक्टरांनी त्यांना अगदी शांतपणे, अहो-जाहो करत, झेपत नसेल तर स्वयंपाकघर सोडा म्हणून सुनावलं. मिस्टर पुढे कितीतरी दिवस आईशी धड बोलले नाहीत. पुन्हा घोळ नको म्हणून आईंनी घरातलं नेहमीचं मीठ शेजारी देऊन टाकलं. मी हे सगळं बघत होते, आणि गप्प होते.

चार महिन्यांनी पुन्हा तारीख मिळाली. पुन्हा गोळी बंद, पुन्हा ते सुजणं. त्यातच आई बाथरूममध्ये घसरल्या आणि मांडीपर्यंत प्लास्टर आलं. पलंगावर पडल्या पडल्या त्या मला मिठाची आठवण करून द्यायच्या, माझ्या भाजीचं मीठही त्याच मोजून द्यायच्या. या वेळी मी पथ्य पाळलंही... पण स्कॅनच्या दोन दिवस आधी ऑफिसातल्या मैत्रिणीकडे बारसं होतं. तिथे मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. घरचं कुणीही तिथे नव्हतं, आणि मी कुणाला सांगितलंही नाही. विचारलंच तर काय सांगायचं, हे मी ठरवून ठेवलं होतं. काय ठरवलं होतं ते लिहायला हात धजत नाही, पण तुम्ही ओळखलं असेलच.

स्कॅनच्या सकाळी मिस्टर मला सेंटरच्या दारात सोडून कामावर गेले. सव्वादहा झाले होते. काउंटरवरच्या बाईंनी माझी फाईल काढली आणि वर न बघताच म्हणाल्या, "पथ्य मोडलंय ना तुमचं? सासूबाई सांगून गेल्या."

कुणाच्या सासूबाई, असं मी विचारलं.

"तुमच्याच. साडेनऊला आल्या होत्या. कपाळावर गोंदलेलं, हिरवं पातळ. नागपूरकडच्या ना त्या? या वेळीबी मीठ मायाकडूनच पडलं, तिले काई इचारू नका, असं म्हणाल्या. बसा आजी म्हटलं तर पाणी पिऊन गेल्या."

मी म्हटलं, तुमची काहीतरी गफलत होतेय, मागच्या वेळचं आठवत असेल. त्यांना ते आवडलं नाही. फाईल फिरवून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. निळ्या पेनाने लिहिलं होतं – पथ्य शंकास्पद, नातेवाईकांनी समक्ष कळवले. खाली त्याच दिवसाची तारीख, वेळ आणि सही.

मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला. तो शेजारच्या वहिनींनी उचलला. मिस्टर आणि मी निघाल्यापासून त्या आईंच्या उशाशीच बसल्या होत्या. म्हणाल्या, हळू बोला, आई दुखण्याची गोळी घेऊन नऊ वाजल्यापासून गाढ झोपल्यात.

दुसऱ्या मजल्यावर, प्लास्टरमध्ये... आणि श्रीखंडाचं तर त्यांना ठाऊकच नव्हतं.

भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त शरम वाटली. मी अजून खोटं बोललेही नव्हते, आणि त्याचं खापर कुणीतरी आधीच स्वतःवर घेऊन गेलं होतं. मी आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं – या वेळचं आणि मागचंही. आईंचा काही दोष नव्हता, हे दोनदा सांगितलं.

अर्थात त्या दिवशीही स्कॅन झाला नाही. नंतर नीट पथ्य पाळून झाला, तेव्हा मानेत डाव्या बाजूला एक ठिपका दिसला. पुन्हा डोस घ्यावा लागला. परवाच्या तपासणीपर्यंत तरी सगळं ठीक आहे. डॉक्टर म्हणतात, आधीच्या वेळी पथ्य मोडलेलं असतानाच स्कॅन झाला असता तर तो ठिपका दिसला नसता.

सेंटरमध्ये कॅमेरा आहे. मिस्टर फुटेज मागायला जायचं म्हणत होते, मी जाऊ दिलं नाही. काय बघणार होते मी त्यात? कपाळावर गोंदण आईंच्याही आहे, हिरवं पातळही त्यांच्याकडे आहे, पण तसं अनेकींकडे असतं.

सेंटरमधून स्कॅन न होता परतले, त्याच संध्याकाळी मी आईंच्या पलंगाशी बसून मिस्टरांसमोर सगळं कबूल केलं. ते उठून आईच्या पायाशी जाऊन बसले. सेंटरमधल्या बाईंचं सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या, "कुठं जाऊ माय मी? पाय पाहा माया." त्यांना खरंच काही माहीत नव्हतं.

मग मी विचारलं, पहिल्या वेळी डॉक्टरांसमोर तुम्हाला ठाऊक होतं ना, मी खोटं बोलतेय ते? त्या हो म्हणाल्या. खारीचा चुरा माझ्या पर्समध्ये त्यांनी रोज पाहिला होता.

"मग स्वतःवर का घेतलंत, आई?"

"तुले भेव वाटत होतं," त्या म्हणाल्या. "मले नव्हतं वाटत."