तोड्याचं घमेलं

हुपरीतल्या आमच्या गल्लीत बसम्माआक्कांइतकं कुत्र्याला जपणारं माणूस झालं नाही. नवरा गेला, लेकी सासरी गेल्या. घरात उरलं पैंजणांचं काम आणि तोड्या नावाचं तांबडं कुत्रं. बिघडलेली घुंगरं ओवून त्यांनी त्याच्या गळ्यात बांधली होती, म्हणजे स्वारी कुठं आहे ते हातातलं काम न थांबवता कळावं. शहाण्णव-सत्त्याण्णवचा तो सुमार. दर वर्षी त्याला रिक्षात घालून गुरांच्या डॉक्टरकडे सुई टोचायला न्यायच्या. गल्ली हसायची, मीही हसायची.

"आक्का, आधी तुमचा गुडघा दाखवा की डॉक्टरला!"

"माझ्या गुडघ्यासाठी वरडायला मी हाय. त्येला बोलता येतंय व्हय?"

पिसाळलेली कुत्री, उसाचे ट्रॅक्टर, साऱ्यांची त्यांना धास्ती. धास्ती नव्हती ती फक्त स्वतःच्या घराची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

चांदीला उजाळा द्यायचं पाणी विषारी असतं, हे हुपरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. आक्का ते पांढऱ्या घमेल्यात ठेवायच्या, वर फळी, फळीवर दगड. पण तसलंच एक घमेलं काठाला तडकलं, तेव्हा घासूनपुसून त्यांनी ते तोड्याला पाण्यासाठी ठेवलं. वस्तू वाया कशाला घालवायची? आम्ही सगळ्याच असं करायचो. कित्येक उन्हाळे तोड्या त्या पांढऱ्या घमेल्यातच पाणी पीत आला.

चैत्रातल्या एका दुपारी दारात व्यापारी आला. आक्का फळी काढून पैंजण बुडवत होत्या, तशाच उठून बाहेर गेल्या. तोड्या परसातून धापा टाकत आत आला. त्याला पांढरं घमेलं दिसलं.

हाका ऐकून मी धावले, तेव्हा त्याचं डोकं आक्कांच्या मांडीवर होतं. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

"गाडीखाली गेला असता तर गाडीवाल्याला शिव्या घातल्या असत्या गं," आक्का म्हणाल्या. "आता कुणाला घालू?"

 

दुसरं कुत्रं त्यांनी घेतलं नाही. पण पोटाचं काम सुटेना, आणि हुपरीत घुंगरांपासून पळून जाणार कुठं? शेजारीण तयार पैंजणांची रास उचलायला यायची, छुमछुम व्हायची, आणि जेवायला बसलेल्या आक्कांचा हात भाकरीचा तुकडा मोडून आपोआप मागं, तोड्या बसायचा तिकडं, जायचा.

"घे बाळा," म्हणायच्या. मग तो तुकडा तसाच हातात धरून बसायच्या.