उरलेला वॉशर

माझ्या थोरल्या भावाला आमच्या रस्त्यावर सगळे 'सायलेन्सर' म्हणतात. आवाज कमी करतो म्हणून नव्हे. त्याचा आवाज चढला की कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये अर्धी दाढी झालेला माणूस दचकतो. नाव पडलं ते चटक्यावरून. तापलेल्या सायलेन्सरला पाय लागला की जे होतं, तेच दादाशी दोन शब्द बोलायला गेलेल्या गिऱ्हाइकाचं होतं. हे नाव त्याला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडतंसुद्धा. मला त्याचाच जास्त संताप येतो.

दादा मोटरसायकलचा क्लच आणि गिअरबॉक्स सोडून दुसरं काम घेत नाही. पंक्चर, दिवे, ब्रेक घेऊन कुणी आलं तर शेजारी पाठवतो. मी गॅरेजच्या पुढच्या भागात स्पेअर पार्टचा काउंटर सांभाळते, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येतं. जळून काळी पडलेली क्लच प्लेट तो गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरतो. "वास घ्या. घ्या ना! दिवसभर लिव्हरवर बोटं ठेवून गाडी हाकता तुम्ही. लिव्हर काय आजारी माणसाचा हात आहे, धरून बसायला?" एकाने दुकानदाराचं ऐकून बाईकमध्ये कारचं ऑइल ओतलं होतं. क्लच सटकायला लागला, इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. त्या माणसाला दादाने असं झापलं की तो हेल्मेट विसरून गेला आणि परत न्यायलाही आला नाही.

एवढं ऐकूनही लोक येतात, कारण दादाने बंद केलेला गिअरबॉक्स पुन्हा उघडावा लागत नाही. काढलेला प्रत्येक भाग तो धुतलेल्या फडक्यावर ओळीने मांडतो आणि त्याच ओळीने परत घालतो. बॉक्स बंद करताना गॅरेजात कुणी ब्र काढायचा नाही, हा त्याचा नियम. मलाही तेव्हा फोन बाहेर जाऊन घ्यावा लागतो.

त्याच्या हाताखाली वहिनीचा भाऊ काम करतो. तो ज्या कारखान्यात होता तो बंद पडला, तेव्हा वहिनीने शब्द टाकला आणि दादाने त्याला ठेवून घेतलं. गोड बोलून गिऱ्हाइकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो म्हणून दादा त्याला गुळ्या म्हणतो. हात तसा बरा आहे त्याचा. खोड एकच, विनोदाची. काम संपल्यावर टेबलावर एखादा नट उरला की सगळेच मेकॅनिक म्हणतात, "कंपनीने जास्तीचा दिला होता." गुळ्या हे रोज म्हणायचा, काही उरलेलं नसलं तरी. दादाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गेल्या महिन्यात एका सकाळी दादाने साफसफाईला कामाचं टेबल सरकवलं, तर खाली एक वॉशर सापडला. गिअर ज्या दांड्यावर फिरतात त्या शाफ्टवर बसतो तो, नखासारखा पातळ. तो राहिला तर गिअर जागचे सरकतात, आणि दोन गिअर एकदम अडकले तर चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होतं.

"हा कुठून उरला?" दादाने विचारलं.

आणि गुळ्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कंपनीने जास्तीचा दिला असेल, दाजी."

आदल्या दिवशी गुळ्याने एका कुरिअरवाल्याचा गिअरबॉक्स बंद केला होता. तो बिचारा गाडी न्यायला आलेला, किल्ली हातात. दादाने ती हिसकावून घेतली. "ही गाडी कुठेही जाणार नाही. तुमच्या बॉक्समधला वॉशर याने बाहेर ठेवलाय. उद्या चाक जाम होऊन तुम्ही ट्रकखाली गेलात, तर हा तिथे येऊनही विनोद सांगेल!"

"दाजी, आईशपथ, हा त्यातला नाही. मी सगळे घातलेत."

"तू गप बस! बहिणीकडे बघून ठेवलाय तुला, कामाकडे बघून नाही."

वहिनी चहा घेऊन खाली आली होती. आमचं घर गॅरेजच्या वरच आहे. तिने ट्रे माझ्या काउंटरवर ठेवला. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

शहाण्या माणसाने इथे जीभ आवरली असती. आमच्या शहाण्याने ते पुन्हा म्हटलं आणि वर जोडलं, "तुमच्या घराण्यातच काम कमी आणि तोंड जास्त." उचलली जीभ, लावली टाळ्याला!

वहिनी वर गेली, पिशवी भरून खाली आली आणि भावाला म्हणाली, "चल." तिचं माहेर पुलापलीकडे, तास-दीड तासाच्या वाटेवर. गुळ्याने आपली जुनी बाईक सुरू केली, ती मागे बसली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत गाडी खाडकन गिअरमधून सुटली आणि इंजिन किंचाळलं.

"बघ," दादा मला म्हणाला, "साधा गिअर टाकायची अक्कल नाही."

माझं डोकं फिरलं होतं. काउंटरमागून कुरिअरवाल्याच्या गाडीच्या मॉडेलचा नवा शाफ्ट आणला आणि त्याच्यासमोर आपटला. "घाल. घालून दाखव तुझा वॉशर."

त्याने घातला. वॉशर शाफ्टवर गोल गोल फिरायला लागला, दुसऱ्याची बांगडी हातात घालावी तसा. या गाडीचा तो नव्हताच. एवढ्या मोठ्या भोकाचा वॉशर फक्त एका जुन्या मॉडेलला लागतो, आणि त्या मॉडेलची एकच गाडी आमच्याकडे आली होती. गुळ्याची. तिचा बॉक्स दादाने स्वतः बंद केला होता आणि तेव्हा गॅरेजात कुणीच गप्प नव्हतं, कारण बॉक्स बंद करता करता हाच गुळ्याच्या विनोदांवरून त्याला झोडपत होता. इतरांची तोंडं बंद ठेवणाऱ्याचं तोंड बंद कोण करणार? नंतर गुळ्या येऊन सांगायचा, "दाजी, तिसऱ्या गिअरमधून सटकते." दादाचं उत्तर तयार असायचं, "गिअर नाही, तुझा पाय सटकतो."

दादाचा चेहरा उतरला. त्याने गुळ्याला फोन लावला, तो गाडी चालवत होता, उचलला नाही. वहिनीला लावला, तिने कट केला. मग मी माझ्या फोनवरून लावला. तिने लगेच घेतला.

"वहिनी, आधी गाडी थांबवा. गिअरबॉक्समध्ये गडबड आहे."

"त्यांनीच शिकवलं ना हे? परत बोलवायचं असेल तर सरळ बोलवा म्हणावं. गाडीचं निमित्त नको."

दादाने फोन ओढून घेतला आणि ओरडला, "उतर म्हणतो ना! कळत नाही एकदा सांगून?"

फोन कट. पुलाआधी लांबलचक उतार आहे आणि त्यावर ट्रकची रांग असते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी आजवर त्याला उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "मरेल ती! आतातरी माणसासारखं बोल!"

पुन्हा लावला. तिने घेतला. या वेळी दादाने फोन हळूच मागून घेतला. मग म्हणाला, "चूक माझी आहे. वॉशर मी विसरलो."

पलीकडे नुसता वारा. मग वहिनीचा आवाज, आमच्याशी नव्हे: "थांबव! अरे, थांबव गाडी! हे चूक माझी म्हणतायत, म्हणजे काहीतरी भयंकर असणार."

दादाच्या हातातली किल्ली परत घेत कुरिअरवाला म्हणाला, "बसा." त्याच्याच गाडीवर आम्ही तिघं निघालो. गुळ्याने बंद केलेला तो गिअरबॉक्स लोण्यासारखा चालत होता. उताराच्या तोंडाशी ती दोघं रस्त्याकडेला उभी होती. दादाने काही न बोलता गुळ्याची गाडी गिअरमध्ये टाकून ढकलली. ती हातभर गेली आणि आत कडकन वाजलं. मग ती पुढेही जाईना, मागेही जाईना. क्लच दाबला तरी चाक फिरेना. गुळ्याने खालच्या उताराकडे एकदा बघितलं आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसला.

वहिनी पुढे आली. "वॉशरसाठी म्हणता आलं तुम्हाला, चूक माझी. आणि सकाळी माझ्या भावाला बोललात, माझ्या माहेराला बोललात, ती कुणाची?"

मला वाटलं, आता तरी बोलेल. एकदा जमलं होतं, दुसऱ्यांदा सोपं जायला हवं होतं. दादा खाली बसला आणि बरोबर आणलेल्या हत्यारांच्या पिशवीत पाना शोधायला लागला.

वहिनीने येणाऱ्या रिक्षाला हात केला. भावाला उठवलं, आधी त्याला बसवलं, मग स्वतः बसली. रिक्षा दिसेनाशी झाली तेव्हा दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "बघितलंस? जीव वाचवला, तरी ही अशी."

मी कुरिअरवाल्याच्या मागे जाऊन बसले. "चला," म्हटलं.

"अगं, गाडीला एक जण तरी हात लावा," दादा मागून ओरडला. "चाक जाम आहे. एकट्याने कशी नेऊ?"

कुरिअरवाल्याने मान वळवून मला विचारलं, थांबू का. मी म्हटलं, नको.