लेकीपुढं डोक्यावर पदर

मी अंगणवाडी सेविका. आमच्या पासली गावातल्या पोरांची वजनं करायची आणि त्यांच्या आयांना ठरलेले प्रश्न विचारायचे. नावानं हाक मारली की वळून बघतं का? हवं ते बोटानं दाखवतं का? नजरेला नजर देतं का? बारा वर्षं हेच करतेय. आणि माझ्या पोटच्या पोरीच्या कागदावर मी तिन्ही ठिकाणी 'हो' लिहिलं. धडधडीत खोटं! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्याच घरात होता.

दोन वर्षांची झाली तरी पोर 'आई' म्हणत नव्हती. ताटल्या एकीवर एक रचायची, उतरवायची, पुन्हा रचायची. हाक मारली तर मान हलायची नाही. माझे सासरे, आमचे मामंजी, ओट्यावरच्या बाजेवरून म्हणायचे, "बोलंल की! आमच्या घरात समदी उशिराच बोलत्यात." मलाही ते ऐकून बरं वाटायचं. पोर दिवसभर त्यांच्या बाजेपाशीच बसलेली असायची.

भाताची कापणी आटपली आणि मामंजी गेले. म्हातारपणच, दुसरं काही नाही.

शिमगा झाल्यावरची गोष्ट. दिवेलागणीला मी चुलीपाशी होते, सासूबाई तांदूळ निवडत होत्या. ओट्यावरून आवाज आला, "दिवा लावला का गं? म्हशीला पानी दावलं का?" मग दोनदा कोरडा खोकला. मग, "देवा, तूच रं बाबा."

मामंजींचं रोजचं बोलणं. तोच हेल, तोच खोकला. माझ्या हातातली भाकरी तव्यावर तिरकी पडली. बाहेर जाऊन बघते तर बाजेवर माझी पोर, पाय खाली सोडून डोंगराकडं बघत बसलेली. गोठा रिकामा होता. म्हैस आम्ही तेराव्यानंतर लगेच विकली होती.

सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. अडीच वर्षांच्या पोरीपुढं! आणि मग मीही घेतला.

हसू नका. आमच्यात सून सासऱ्यासमोर बाजेवर बसत नाही, त्यांचं नाव घेत नाही, मान वर करून बोलत नाही. दुसऱ्या दिवशी आळीतल्या बाया नारळ घेऊन आल्या. "म्हातारं माघारी आलं," म्हणाल्या. माझा नवरा नसरापूरला टेम्पो चालवतो. शनिवारी घरी आला आणि उंबऱ्यातच पोरीच्या पाया पडला. मी तिला नावानं हाक मारायचं सोडलं. "जेवायला चला" म्हणायला लागले. मांडीवर घेणं बंद झालं. अंघोळ सासूबाई घालायच्या, तीही खाली बघून. त्याच महिन्यात मी तिचा कागद भरला. सासऱ्याच्या नावापुढं 'नाही' कसं लिहायचं?

रोज दिवेलागणीला तेच बोलणं, तोच खोकला. तिचा स्वतःचा म्हणून एक शब्द नाही. एकदा धीर करून मी विचारलं, "मामंजी, काय पायजे तुमास्नी?" ती माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत राहिली, तिथं कुणीतरी उभं असल्यासारखी. मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. पण तिची नजर हटेना.

असे तीन-चार महिने गेले. एका दुपारी मी मोरीत भांडी घासत होते. पाठीमागं ताटल्यांचा आवाज चालला होता. तो थांबला आणि कुणीतरी म्हणालं, "बघ की गं माझ्याकडं. एकदा तरी बघ. काय पाप केलंय म्या?" आणि नाक ओढलं.

तो माझा आवाज होता.

हे मी बोलले होते, मामंजी जिवंत असताना. याच मोरीत, पोरीला अंघोळ घालताना, दार लावून रडत बोलले होते. तिथं तिसरं कुणी नव्हतं. मेलेला माणूस माघारी येतो, हे एक वेळ धरून चालू. पण मी तर जिती होते! हातात राख आणि काथ्या घेऊन तिच्यापासून हातभरावर बसले होते!

अगं बाई गं. म्हणजे त्या दिवशी तिनं ऐकलं होतं. वळली नव्हती, पण शब्द न् शब्द ऐकून ठेवला होता. मामंजींचाही, माझाही.

तशाच राखेच्या हातानं मी पेटीतून तिचा कागद काढला, तिन्ही 'हो' खोडले आणि 'नाही' लिहिलं. मग सासूबाईंना सांगितलं, उद्या भोरला दवाखान्यात नेणार.

"त्येंना दवाखान्यात? डोस्कं फिरलंय का तुजं?"

"त्येंना न्हाई हो आत्या, तिला! माझ्या लेकीला!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. सकाळी त्या गुमान एसटीत माझ्या शेजारी येऊन बसल्या.

भोरच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढं खेळणी मांडली, हाका मारल्या, बराच वेळ नुसतं बघत राहिल्या. "कान तपासून घेऊ," म्हणाल्या. "पण ही ऑटिझमची, स्वमग्नतेची लक्षणं वाटतात. पक्कं पुण्यालाच सांगतील. वेळ घालवू नका. ही मुलं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणतात. उगीच नाही म्हणत, पुष्कळदा त्यांना तेव्हा तसंच काहीतरी सांगायचं असतं."

येताना नसरापूरच्या स्टँडवर सासूबाईंनी हळूच विचारलं, "म्हंजी... ते न्हाईत व्हय हितं?" मला रडू आलं. त्या बाईचा माणूस दुसऱ्यांदा गेला होता, आणि या खेपेला मीच नेला होता.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पोर सरळ बाजेवर जाऊन बसली. "दिवा लावला का गं?"

सासूबाईंचा हात पदराकडं गेला आणि तिथंच थांबला. मी बाजेवर बसले, तिच्या अगदी समोर. चार महिने खाली मान घालून मी पोरीला जेवायला वाढलं होतं, आणि मोरीत ती मला काय म्हणत होती, ते मला आत्ता कळत होतं.

"लावते गं बाई," मी म्हणाले. "आणि हे बघ, तुझ्याकडंच बघतीय मी."

ती डोंगराकडं बघत राहिली. मग दोनदा खोकली.