शमुवेल काकाजींनी दिलेलं पत्र

शमुवेल काकाजींशी मी चौदा आठवडे खोटं बोलले.

काल ते गेले. वय एक्क्याऐंशी. सकाळचा चहा घेतला, खाटेवर आडवे झाले, उठले नाहीत.

ते माझ्या नात्यातले नव्हते. जळगाव जामोदजवळच्या आमच्या गावात तीसेक ख्रिस्ती घरांची मंडळी आहे, त्या चर्चचे ते पंच. चार एकर कपाशी, एक सायकल, आणि बायबल सोडून कशालाच न लागणारा चष्मा.

आमच्याकडे कोणी गाव सोडून निघालं की चर्च त्याच्याजवळ एक पत्र देतं. ही व्यक्ती आमची सभासद आहे, तिला आपल्यात घ्या. नागपूरला जा नाहीतर पुण्याला, पहिल्या रविवारी ते पत्र तिथल्या चर्चमध्ये द्यायचं.

मी नोकरीसाठी कॅनडाला निघाले तेव्हा काकाजींनी पाकीट डिंकाने चिकटवून दिलं.

"काकाजी, तिथं मराठी कोण वाचते?"

"ते त्याहीचं ते पायतीन. तू फोडू नको."

मी धान्याच्या कोठारातला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर काम करते. इथलं गाव लहान, चारी बाजूंनी गहू. चर्च घरापासून अकरा मिनिटांवर.

पहिल्या रविवारी गेले. शेवटच्या बाकावर बसले. गाणी अनोळखी, चाली त्याहून अनोळखी. शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले, तेव्हा मी बाहेर पडले. पाकीट पर्समध्येच राहिलं.

परत गेले नाही.

काकाजींचा फोन दर आठवड्याला यायचा. त्यांची सोमवारची सकाळ, माझी रविवारची संध्याकाळ.

"गेलती काय चर्चले, इंजिनेरबाई?"

"हाव, गेलती."

"वचन कोणतं होतं?"

वचन मी चर्चच्या वेबसाइटवर बघून ठेवायचे. उपदेशाचा व्हिडिओ दीडपट स्पीडने ऐकायचे. उत्तर कधी चुकलं नाही.

पंधराव्या वेळी त्यांनी वचन विचारलंच नाही.

"तुह्या बाजूले कोण बसते?"

हे वेबसाइटवर नव्हतं.

"सांग ना वं. पेपर काही अवघड नाही काढला म्या."

"कोणी नाही बसत, काकाजी. मी जातच नाही."

वाटलं, आता रागावतील. ते हसले.

"मले डाऊट होताच. तू दर खेपेले घडाघडा सांगतं. खरंच ऐकून येणारा माणूस अर्धं इसरते."

मग थांबून म्हणाले, "पण काऊन नाही जात?"

मी खरं सांगितलं. तिथं सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. माझ्याजवळ त्यांना देण्यासारखं काही नाही. नुसतं जाऊन बसायची लाज वाटते.

"बोंडअळीच्या साली म्या काय नेलं होतं चर्चले? आठवते?"

आठवत होतं. मी तेव्हा बारावीत होते.

कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये प्रत्येक घर शेतातलं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवतं. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी सगळ्यांची बीटी कपाशी होती. तिला अळी लागत नाही, असंच सगळे धरून चालले होते. गुलाबी अळीने बोंडं आतून पोखरली. सणाच्या दिवशी अर्धं चर्च रिकामं. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून माणसं घरी बसलेली.

काकाजी किडक्या बोंडांनी भरलेलं टोपलं घेऊन आले आणि वेदीपुढे कोणीतरी आणलेल्या भोपळ्याशेजारी ठेवलं.

चर्चचे पाळक म्हणाले, "शमुवेलभाऊ, हे काय?"

"पीक. अवंदा हेच आलं."

मग ते घरोघरी गेले. "टोपलं खाली असन तर खाली आन. पण ये." उपासना दोन तास उशिरा सुरू झाली, पण बाकं भरली. लिलावात त्या टोपल्यावर एकच बोली लागली, काकूंची. "चुलीले होतीन," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मी चर्चला गेले.

दारात डोरीन उभी होती. सत्तरीची, गव्हाची शेती सांभाळणारी. मी पाकीट दिलं. तिने ते फोडलं, कागद उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याच हातात दिला. "तूच वाच."

मी आधी मराठीत वाचलं.

"सलाम. ही आमची मुलगी. कमी बोलते, तो गर्व समजू नये. पहिल्या दिवशी काही विचारू नये. काहीतरी काम द्यावे."

मग इंग्रजी केलं. सलामासकट पाच वाक्यं होती. तिसऱ्याला मला वेळ लागला.

डोरीन मला थेट किचनमध्ये घेऊन गेली. ॲप्रन दिला, सोलणं दिलं, गाजरांची पिशवी पुढे सरकवली. चाळीस जणांचं सूप होतं. चार रविवार मी गाजरं सोलली. पाचव्या रविवारी मीच बोलायला लागले.

त्यांच्या कापणीच्या सणाला लिलाव नव्हता. मी सुचवला. पहिल्याच वर्षी डोरीन एका भोपळ्यावरून सख्ख्या दिराशी भांडली. काकाजींना सांगितलं तर फोनवर खोकला येईपर्यंत हसले.

"तिथं बी आपलाच कारभार लावला काय वं!"

आज संध्याकाळी पाचला गावात त्यांना माती दिली. इथे तेव्हा पहाटेचे साडेपाच. मी लॅपटॉपवर एकटीच बघणार होते. डोरीनला, काकाजी गेले, पहाटे त्यांची माती बघायची आहे, सकाळी किचनच्या कामाला येणार नाही, एवढाच मेसेज केला होता.

ती म्हणाली, चर्चमध्ये ये.

गेले तर प्रोजेक्टर लावलेला, कॉफी तयार. अकरा माणसं आलेली, दोघं गोठ्यातलं काम अर्धवट टाकून. मराठीचा शब्दही कोणाला कळत नव्हता. नेटवर्क मध्येमध्ये जात होतं.

गावातली मंडळी कबरीभोवती उभी राहिली, तसे इथले अकराही उभे राहिले.

मी पण.

काकाजी, दोन्हीकडच्या मंडळीचा तुम्हाला सलाम. निवांत झोपा.