स्पीड फुल्ल आहे, सर

"सर, तुमचा स्पीड फुल्ल आहे." इंटरनेटवाल्याचं हे वाक्य आठवलं, की आजही माझं डोकं फिरतं.

शेवगावात आमच्या घरी फायबरची लाईन आहे. खाली धाकट्या भावाचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ, वर आम्ही दोघं. मी घरूनच सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. बायको स्पीच थेरपिस्ट. अर्धांगवायूनं वाचा गेलेल्या माणसांना ती व्हिडिओ कॉलवर पुन्हा बोलायला शिकवते. त्यातल्या एक मावशी अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या.

एका दुपारी बायकोनं त्यांना पाण्याचा तांब्या दाखवला. मावशींनी जिवाचं रान करून शब्द काढला, "पा... नी." बायको आनंदानं ओरडली, "बरोबर!" पण खाली भावानं कुठल्याशा लग्नाची भलीमोठी फाईल पाठवायला लावली होती. ते "बरोबर" तिकडे लवकर पोचेना. मावशींना वाटलं, आपलं चुकलं. त्यांनी तोंड फिरवलं. त्यांची सून पुढं आली, "ताई, आत्या आता न्हाई म्हनत्यात. रडत्यात."

बायको ताडकन खाली गेली. "भावजी, तुमच्या फायलीपायी माझ्या पेशंटची वाचा अडलीय!"

"मग मी धंदा बंद करू का, वहिनी? लाईनचे पैसे मीही भरतो."

दोघांचं बोलणंच बंद झालं. तिकडे मावशींनीही कॉलवर यायचं सोडलं. मी इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात गेलो. त्यानं मोबाईलवर स्पीड मोजून दाखवला. "बघा, फुल्ल. तरी अडतं? मोठा प्लॅन घ्या." घेतला. आवाज तसाच अडकत राहिला.

मग मीच शोधायला बसलो. फाईल चालू नसताना आणि असताना, आवाजाला जाऊन यायला किती उशीर लागतो ते मोजत गेलो. फाईल सुरू झाली, की उशीर कित्येक पटींनी वाढायचा. लाईन कितीही रुंद असो, फाईलचे हजारो तुकडे राऊटरच्या रांगेत ठाण मांडायचे आणि मावशींसाठीचं "बरोबर" त्यांच्या मागं तिष्ठत राहायचं. ही रांग नीट लावणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या लोकांनी कधीच लिहून फुकट ठेवलंय! आणि हे इंटरनेटवाले आम्हाला मोठा प्लॅन विकत होते.

ते मी जुन्या राऊटरवर चढवून पाहिलं. उशीर गेला, पण एवढ्या वेगवान लाईनचा भार त्या डबड्याला पेलेना. स्पीड निम्म्याच्याही खाली आला. भाऊ वर येऊन कडाडला, "आता माझाच गळा धर!" मग अडगळीतला जुना कॉम्प्युटर काढला, त्याला नेटवर्कचं दुसरं कार्ड लावून राऊटरच्या जागी बसवला, आणि रांग आपल्याच ताब्यात राहावी म्हणून लाईनच्या वेगाहून जरा कमी मर्यादा घालत पुन्हा पुन्हा मोजलं. शेवटी जमलं. भावाला म्हटलं, "तुझ्याकडची सगळ्यात मोठी फाईल लाव." ती जात असताना बायको वरच्या खोलीतून कॉलवर बोलत होती. एक शब्द तुटला नाही. भाऊ म्हणाला, "म्हणजे आम्ही उगाच भांडलो?" बायकोनं तिघांचा चहा टाकला.

मोजणीचे आलेख घेऊन मी पुन्हा त्या ऑफिसात गेलो. म्हटलं, हे तुमच्या राऊटरमध्ये घाला, तालुक्यात सगळ्यांचं भलं होईल. त्यानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "सर, गिऱ्हाईक स्पीड विचारतं. उशीर कुणी विचारत नाही. आणि तुम्ही मशीन बदललं ना? मग यापुढं तुमची तक्रार आम्ही घेणार नाही." मी त्याच्या टेबलावर हात आपटला. ऑफिसातले सगळे माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. बघोत.

मावशी परत कॉलवर आल्या, पण सुनेनं बऱ्याच विनवण्या केल्यावर. आता त्या थोडं बोलतात. बायको म्हणते, झटक्यानंतरचे पहिले महिने सोन्यासारखे असतात, तेव्हा जे परत येतं ते पुढं तितकं सहज येत नाही. त्यातले कितीतरी दिवस त्यांनी भिंतीकडे तोंड करून घालवले. कशामुळं, तर फुकटात मिटणारी गोष्ट मिटवायची कुणाला गरजच वाटली नाही म्हणून.