रांगेतल्या शेवटच्याचा नंबर

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. ‘कमळ’ वाचता येण्याआधी मला ‘निषेध’ वाचता येत होतं. त्यामुळे ऐंशी सालानंतर राजारामपुरीत कॉम्प्युटरचा वर्ग निघाला आणि आमच्या युवक मंडळानं कारकुनांच्या पोटावर पाय देणाऱ्या या यंत्राविरुद्ध पत्रक काढायचं ठरवलं, तेव्हा लिहिण्याचं काम माझ्याकडेच आलं. न बघता लिहिणं मला पटेना, म्हणून तो वर्ग बघायला गेले.

दारातच वर्गाच्या मास्तरांनी अडवलं. “ताई, चप्पल भायेर.”

“मी देवळासाठीसुद्धा काढत नाही.”

“मग हितं काढा की! धूळ चालत न्हाय यंत्राला.”

आत गेल्यावर, नावांची रांग घालून यंत्र कसं चालतं ते दाखवतो म्हणत त्यांनी विचारलं, “कुठली रांग घालू आत?”

“आमच्या गल्लीतली रॉकेलची,” मी तावातावानं म्हटलं. “आई कामावरून सुटून येते, शेवटी उभी राहते आणि रिकामा डबा घेऊन परतते.”

मी सांगत गेले तशी मास्तरांनी सगळ्या बायकांची नावं ओळीनं आत घातली. शेवटचा नंबर दाबला, पडद्यावर आईचं नाव. पहिला दाबला, तितक्याच झटक्यात पहिली बाई.

“आईपर्यंत पोचायला पुढच्या सगळ्या ओलांडाव्या लागल्या ना?”

“न्हाय हो. नंबर ठावं असला की थेट जातंय. पयला काय, शेवटचा काय, सारखाच येळ.”

मी पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा आई. समतेची इतकी पत्रकं वाटली होती, पण शेवटच्याला पहिल्याइतकीच लवकर हाक जाते अशी रांग मी कधी पाहिली नव्हती.

“आन् ह्याची मोजणी शून्यापास्नं, आपण नावं एकापास्नं घातली,” मास्तर म्हणाले. “पयल्याच्याबी आधी एक जागा मोकळी हाय. आईस्नी तिथं घालू?”

“नको. शेवटीच असू दे. तिथंही पोचतंय की!”

संध्याकाळी मंडळात मी मजकूर वाचला. नोकऱ्या जातील हे लिहिलं होतं, आणि ही रांगही लिहिली होती.

“ही जाहिरात हाय का पत्रक?” अध्यक्ष गरजले. “विकली गेलीस काय गं?”

“दोन्ही खरं आहे. एक गाळायचं असेल तर दुसरंही गाळा.”

हात वर झाले. रांगेचा मजकूर मतांनी गळला. उरलेला मजकूर छापून आला आणि अध्यक्षांनी गठ्ठा नेहमीसारखा वाटायला माझ्यापुढे सरकवला. मी तो परत सरकवला. मी न वाटलेलं आमच्या मंडळाचं ते पहिलंच पत्रक.